तोंड धुऊन येतो

मंगळवार, ९ जानेवारी

आज सकाळी आंघोळ झाल्यावर देवापुढे हात जोडले, मग स्वयंपाकघरात जाऊन डब्यातलं मूठभर पीठ घेतलं आणि तोंडाला लावलं. भुवयांना, पापण्यांना, मिशीला, कानाच्या पाळ्यांनाही. मग आरशासमोर उभा राहिलो.

ही दूध आणायला गेली होती म्हणून धीर केला होता. पण पिशवी विसरली म्हणून ती अर्ध्या जिन्यातून परत आली. दारात थबकली. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. तिने अगदी शांतपणे विचारलं, "तळायचंय का तुम्हाला?"

"बाबा दिसतात का बघत होतो."

तिचं हसू ओठातच राहिलं. "मग? दिसले?"

"नाही. मीच दिसलो. पीठ लावलेला."

"बरं, धुवा तोंड. आणि डब्याचं झाकण लावा."

बाबांची गावात पिठाची गिरणी होती. ते तापाने गेले तेव्हा मी चौथीत होतो. त्यांचा एकही फोटो नाही. गावात एकदा फोटोवाला आला होता. शाळेच्या आवारात त्याने काळं कापड लावून सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. बाबा म्हणाले, "तोंड धुऊन येतो." वाटेत कुणीतरी गव्हाचं पोतं घेऊन उभा होता. त्याचं दळण काढून बाबा येईपर्यंत फोटोवाला पुढच्या गावाला गेलेला. ही गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणून सांगितली जायची. बाबा गेल्यावर ती कुणी सांगितली नाही.

आणि मी पोटासाठी काय करतो, तर फोटोंना फ्रेमा. लोक आपापले बाबा पिशवीत घालून आणतात, मी त्यांना काच घालून देतो.

आईच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. उरलेली किती टिकेल, सांगता येत नाही. बाबांचा चेहरा नीट आठवणारं माणूस आता आईच. तिला दिसतंय तोवर तो कागदावर यायला हवा. नंतर मी कितीही चांगला काढला, तरी बरोबर आहे की चूक, हे सांगणारे डोळे राहणार नाहीत. म्हणून या वयात संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. वर्गातल्या बाईंनी सगळ्यांना सांगितलंय, रोज जे दिसेल, जे वाटेल ते लिहा, कुणी वाचणार नाही. म्हणून हे लिहिणं.

गुरुवार, ११ जानेवारी

आज वर्गात शोभा झाली.

टेबलावर किटली ठेवली होती. सगळ्यांनी काढली, मीही काढली. जमली होती. काढून झाल्यावर मी दोन मिनिटं तिच्याकडे पाहिलं आणि तळहाताने कागद पुसून टाकला. कोळसाच तो, पसरला. बाई माझ्या मागेच उभ्या होत्या.

"काका! अहो, हे काय केलंत?"

"पुसली."

"का पण? चांगली आली होती की!"

"म्हणूनच पुसली," मी म्हणालो. वर्ग हसला. माझ्या शेजारी बसणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी (त्यांची सगळी चित्रं पट्टीने आखलेली असतात, म्हणून वर्गात त्यांना कंपास म्हणतात) मान हलवून म्हटलं, "बाई, यांना आधी न पुसायला शिकवा. नंतर काढायला."

काय सांगणार? आमच्या शाळेत कागद नव्हताच. पाटी होती. गुरुजी धडा वाचायचे आणि मधेच थांबायचे. "मिटा डोळे. त्या म्हाताऱ्याला बघा. आता उघडा, काढा." आम्ही पाटीवर म्हातारा काढायचो. प्रत्येकाचा वेगळा. कुणाचा टकला, कुणाचा दाढीवाला, एकाचा तर त्याच्या आजोबांसारखा एक डोळा मिटलेला. गुरुजी पाट्यांमधून फिरायचे. आम्ही विचारायचो, बरोबर कुणाचा? ते म्हणायचे, "सगळ्यांचा. पुसा आता." मग गणित.

पुसलं की चित्र पूर्ण झालं, असं हाताला तेव्हापासून वाटतं. बाईंनी नवा कागद देऊ केला. मी नको म्हटलं. पाटी कुठे रोज नवी मिळते? त्याच कागदावर पुन्हा किटली काढली.

रविवार, १४ जानेवारी

आई ताईकडे असते, शहराच्या दुसऱ्या टोकाला. कागद पाटाला लावून, कोळसा घेऊन गेलो. तिला सांगितलं, तू बोल, मी काढतो.

आई खिडकीजवळ बसली. "कपाळ रुंद होतं," ती म्हणाली. मी रुंद काढलं. "इतकं नाही. मैदान आहे का ते?" अरुंद केलं. "नाक सरळ. शेंड्याला जरासं बसकं. मिशी होती."

ताई भाजी निवडत होती. तिथूनच म्हणाली, "बाबांना मिशी नव्हती."

"नव्हती कशी?"

"अगं आई, मला आठवतंय ना! मी तेरा-चौदाची होते. गुळगुळीत होते बाबा."

"माझा नवरा होता तो," आई म्हणाली. "मला विचार."

दोघींचं तासभर चाललं. मी मिशी काढत होतो आणि पुसत होतो. शेवटी आईने कागद डोळ्यांजवळ नेला, एका बाजूला मान कलती करून पाहिलं (तिला आता मधलंच दिसतं, कडेचं नाही) आणि म्हणाली, "नाही रे. हा नाही. पुढच्या रविवारी ये."

शुक्रवार, १९ जानेवारी

शब्दांत चेहरा काढणं किती सोपं. गोष्ट लिहिणारा म्हणतो, 'त्याच्या चेहऱ्यावर कष्टाळू माणसाचा सोशीकपणा होता', आणि वाचणारा मान डोलावतो. सोशीकपणा नाकपुडीपासून ओठापर्यंत किती अंतरात बसवायचा, हे त्याला कुणी विचारत नाही. आईचे शब्द ऐकताना बाबा अगदी समोर येतात. कोळसा टेकला की पळतात.

गुरुजींना हे माहीत असणार. म्हणून ते आधी वाचायचे आणि मग आमची पाटी पुसायला लावायचे. गोष्टीतला म्हातारा सगळ्यांचा राहायचा. चित्र काढलं की एकाचाच होतो.

पण मला एकाचाच हवाय. माझा.

रविवार, २८ जानेवारी

आज आई माझी वाटच पाहत होती. नवी साडी नेसलेली, केस विंचरलेले, खुर्ची खिडकीशी ओढून घेतलेली. ताई म्हणाली, "सकाळपासून तीनदा विचारलं, तो आला का म्हणून."

मागच्या वेळचा चेहरा तिने पुन्हा नापास केला. हनुवटी चुकली म्हणे. मग हनुवटीवरून गोष्ट निघाली. लग्नानंतर पहिल्यांदा ती गिरणीत डबा घेऊन गेली, तेव्हा इंजिनाच्या आवाजात तिची हाक बाबांना ऐकू गेली नाही. तिने ओंजळभर पीठ घेऊन त्यांच्या अंगावर टाकलं. "मग ते वळले आणि हसले. हनुवटी अशी वर करून. दात आणि डोळे, एवढंच दिसलं. बाकी सगळं पांढरं."

आई हसत होती. इतकी वर्षं ती बाबांबद्दल चकार शब्द बोलली नाही. आम्ही विचारलं तर म्हणायची, कामं पडलीयेत. आता एका हनुवटीवर अख्खी सकाळ जाते. मला चित्र तातडीने पूर्ण करायचंय आणि ही बाई गोष्टी सांगत बसते. दुपारी निघताना पुन्हा तेच, "हा नाही. पुढच्या रविवारी ये."

घरी येऊन हिला म्हटलं, "आईला नक्की काय हवंय तेच समजत नाही. दर वेळी काहीतरी खोट काढते."

ही कपडे घड्या करत होती. म्हणाली, "तुम्हाला खरंच कळत नाही?"

"काय?"

"काही नाही. चादरीचं ते टोक धरा."

बुधवार, ७ फेब्रुवारी

दुकानात एक बाई वडिलांचा फोटो घेऊन आल्या. मोठा करून आणला होता. काचेवर ठेवून बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे असे दिसत नव्हते हो. फोटो चांगला आहे, पण बाबा असे नव्हते."

मी विचारलं, "मग कसे होते?"

त्या म्हणाल्या, "आता नाही सांगता येणार. फोटो आला ना समोर."

माझ्या डोक्यावर खिळ्याला एक रिकामी फ्रेम टांगलेली आहे. उरलेल्या सागवानी पट्टीची मी कधीतरी केलेली. बाबांसाठी, असं कुणाला सांगितलं नाही. दुकानाचे मालक अधूनमधून म्हणतात, "अरे, हिला कुठे तरी उजव. बिनलग्नाची राहिलीय." आज त्या बाईंनाही तीच आवडली. मालक काढून देणार, तोवर मी म्हटलं, ती दिलेली आहे.

"कुणाला?" मालकांनी विचारलं.

"यायचेत ते," मी म्हणालो.

रविवार, ११ फेब्रुवारी

आईने पाण्याचा पेला टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. तो पडून फुटला. ती म्हणाली, "पेलाच निसरडा होता." ताईने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे.

आज देवाकडे मागितलं. मी सहसा मागत नाही. जे आहे त्याबद्दल हात जोडावेत, असं आईनेच शिकवलंय. पण आज म्हटलं, देवा, तू चेहरा एकदाच काढलास आणि पुसून टाकलास, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गुरुजीही तसंच करायचे. फक्त मला तो एकदा उतरवून घेऊ दे. तिला दिसतंय तोवर.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

बाईंनी आज माझा कागद हातात घेऊन उजेडात धरला. इतक्या वेळा काढून पुसून तो राखेसारखा झालाय. जवळून पाहिलं तर आधीच्या सगळ्या रेषा खाली अंधुक दिसतात.

"काका, बाकीच्यांकडे चित्रांचा गठ्ठा झाला. तुमचा अजून एकच कागद."

"नव्यावर काढलं तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल," मी म्हणालो.

कंपास म्हणाले, "त्याला धुऊन टाका, आत दहा माणसं निघतील."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक नवं शिकवलं. म्हणाल्या, "काळं लावूनच चित्र होतं असं नाही. आधी सगळा कागद करडा करायचा आणि खोडरबराने उजेड काढत जायचा. तुमचा कागद तर तयारच आहे." मी करून पाहिलं. कपाळावरून रबर फिरवलं आणि कपाळ पुढे आलं, अगदी हात लावावा असं. पाटीवर हे कधी कळलं नव्हतं. तिथे पुसलं की सगळंच जायचं.

कलेतली मेहनत म्हणजे भर घालणं, असं मी समजत होतो. इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही की काढून घेणंही काढणंच असतं.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

आज चेहरा जमला. रुंद पण मैदान नाही असं कपाळ, शेंड्याला बसकं नाक, भरघोस मिशी, वर उचललेली हनुवटी. डोळे मी कोळसा दाबून काळेभोर केले. गालावर उजेड आहे, मानेखाली सावली आहे. बाई म्हणाल्या, "हे प्रदर्शनात लावायचं." कंपासनी उठून हात मिळवला. "मानलं," म्हणाले, "सरळ रेघ एकही नाही, तरी माणूस उभा आहे."

आणि मी पुसलं नाही. हात गेला होता, पण आवरला. कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून घरी आणला. हिला दाखवला. "रुबाबदार आहेत," ती म्हणाली.

रविवारची वाट पाहतोय.

रविवार, २५ फेब्रुवारी

आईने कागद डोळ्यांजवळ धरला. खूप वेळ. ताईसुद्धा हातातलं काम टाकून मागे येऊन उभी राहिली.

"देखणा आहे," आई म्हणाली. मग माझ्याकडे मान वळवून अगदी सहज विचारलं, "कोण आहे?"

मला काय झालं कळलं नाही. मी तिच्या हातातून कागद घेतला आणि तळहाताने पुसला. वरून खाली, मग आडवा. मिशी गेली, सावली गेली, गालावरचा उजेड गेला. ताई ओरडली, "अरे, अरे, वेडा आहेस का!" मी खिशातला रुमाल काढून उरलेलंही घासलं. कोळशाची भुकटी पलंगावरच्या पांढऱ्या चादरीवर उडाली. माझे डोळे भरले होते, ते दोघींना दिसू नयेत म्हणून मी खाली मान घालून घासत राहिलो.

"दे इकडे," आई म्हणाली.

"काय द्यायचं? काही नाही त्याच्यात."

"दे म्हटलं ना."

दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, मग हळूहळू लांब धरला. मीही वळून पाहिलं. डोळे दाबून काढले होते म्हणून ते तेवढे राहिले होते, काळे. बाकी सगळ्यावर करडी भुकटी बसलेली. कपाळ होतं, पण कुठे संपतं ते कळत नव्हतं. ताई माझ्या खांद्यावरून बघत हळू आवाजात म्हणाली, "मिशी आहे का नाही, समजतच नाही."

"पिठात कुठे समजायची?" आई म्हणाली. "आत्ताच आलाय गिरणीतून. अजून तोंड धुतलं नाही त्याने."

ताई आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मी विचारलं, "आई, तुला नीट दिसतंय ना?"

"मला जेवढं दिसायचं तेवढं दिसतं. आता याला हात लावू नकोस." तिने कागद माझ्याकडे दिला आणि माझा काळा झालेला हात आपल्या हातात धरून ठेवला. "पुढच्या रविवारी कागद नको आणूस. नुसता ये."

चादर खराब झाली, त्याचा तिला त्रास झाला असणार. मी म्हटलं, बरं.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

दोन दिवस कागद पुठ्ठ्यांत बंद आहे. उघडायला भीती वाटते.

तिला खरंच दिसलं का? की मला रडताना पाहून तिने दया केली? डोळ्यांना न दिसणाऱ्या माणसाला करडा कागद कसाही दिसेल. पण मग आधीचे सगळे तिने नापास का केले? कुठल्याही रविवारी हो म्हणाली असती, तर मी तेव्हाच थांबलो असतो.

हिला हे विचारलं. ती म्हणाली, "थांबला असतात, आणि मग दर रविवारी गेला असतात का त्यांच्याकडे?"

"जातच होतो की आधीही."

"सणावारी नि औषधं द्यायला," ती म्हणाली. "तेही दारातूनच."

यावर मी विचार करतोय.

शुक्रवार, १ मार्च

बाईंना कागद दाखवला. आधी त्या घाबरल्या, मग कागद उजेडात धरून त्यांनी नीट पाहिला. त्यांनी एक डबा दिला. त्यातून फवारा मारला की कोळसा कागदाला कायमचा धरून राहतो. म्हणाल्या, "हा मारा नाहीतर रोज थोडा थोडा झडत जाईल. प्रदर्शनाला द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण हे नक्की करा."

डबा घरी आणून कपाटावर ठेवला. फवारा मारला की संपलं. पुन्हा कधी पुसता येणार नाही, म्हणजे पुन्हा कधी काढताही येणार नाही. आजवर जे जे काढलं, त्याच्यापुढे 'अजून' होतं. गुरुजींनी कधी सांगितलं नाही की एखादी पाटी पुसायची नसते. त्यांना तशी पाटी कधी मिळाली नसेल का? की मिळाली, आणि घंटा झाली म्हणून पुसावी लागली?

लहानपणी संध्याकाळी गिरणी बंद झाली की मी बाबांच्या मागे मागे विहिरीवर जायचो. ते ओणवे होऊन पाण्याचा हबका मारायचे, आणि पांढऱ्या माणसातून एक सावळा माणूस बाहेर यायचा. मला तो थोडा परका वाटायचा. दिवसभराचा माझा बाबा पांढराच होता. हे मी विसरूनच गेलो होतो. दोन महिने मी त्या तोंड धुतलेल्या माणसाला शोधत होतो.

रविवार, ३ मार्च

नुसता गेलो. हात रिकामे असले की काय करावं कळत नाही. आई खिडकीशी बसली होती. नवी साडी. मी तिच्याजवळ बसलो. ती बोलली, मी ऐकलं. इंजिनाचा पट्टा तुटला तेव्हा बाबांनी तिचं लुगडं पिळून त्याचा पट्टा केला होता म्हणे, आणि दळण पूर्ण करून दिलं. "लुगडं गेलं," ती म्हणाली, "पण पीठ बारीक आलं." आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

चहा देताना ताईने कप तिच्या हातात नीट धरवला. आईने आता ते करू दिलं.

शनिवार, ९ मार्च

आज दुपारी दुकानाच्या मागच्या अंगणात गेलो. वारा नव्हता. कागद भिंतीला टेकवून उभा केला आणि हात जोडले. देवाला की त्यांना, ते सांगता येणार नाही. मग डबा हलवला आणि हातभर अंतरावरून फवारा मारला. कागद क्षणभर ओला, काळपट झाला, डोळे आणखी काळे. वाळला तसा पुन्हा करडा झाला. मी कडेवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ राहिलं.

मालक बघत होते. मी खिळ्यावरची फ्रेम काढली, काच पुसली, कोळसा काचेला टेकू नये म्हणून मधे पुठ्ठ्याची चौकट घातली, मागून फळी बसवून खिळे ठोकले. रोजचंच काम. मालकांनी फ्रेम हातात घेऊन पाहिली. "उजवली का शेवटी," ते म्हणाले, आणि कुणाला म्हणून विचारलं नाही.

बाईंना सांगून टाकलं, हे प्रदर्शनाला नाही, हवी तर नव्या कागदावर किटली काढून देतो. चित्र घरी आणलं. आरसा आहे त्याच्या शेजारच्या भिंतीवर टांगलं. ही ओल्या हातांनी बाहेर आली, पदराला हात पुसत समोर उभी राहिली. कधी न पाहिलेल्या सासऱ्यांकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"पाणी काढून ठेवू का त्यांना?" ती म्हणाली. "तोंड धुवायला?"

"नको," मी म्हणालो. "राहू देत असेच."

उद्या रविवार. नुसताच जाणार आहे.